छापून न आलेला रकाना

ब्राउझर उघडला की आधी पांढरं पान येतं आणि मधोमध एक चकती फिरत राहते. ती फिरायला लागली की मी आजही मान फिरवते. आमचा कॉम्प्युटर कोठीघरात होता, कांद्याच्या पोत्याला लागून. माऊसला कुणाच्या ना कुणाच्या हाताचं पीठ नाहीतर तेल लागलेलं असायचंच. प्रिंटरच्या पोटात झुरळं राहायला आली होती आणि महिन्यातून एकदा एखादं कागदासकट बाहेर यायचं. त्याच कागदावर मी सही करायची. शी. आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात.

मी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या होस्टेलवर मेस बघते. सोलापूर संपत आलं की अक्कलकोट रोडला आमची इमारत लागते. मेस बघायची म्हणजे किराणा उतरवून घ्यायचा, भाजी निवडून घ्यायची, कुठल्या मुली ड्युटीवर आहेत आणि कुठल्या जेवायला येणार ते स्वयंपाकघरात सांगायचं. वर्षानुवर्षं हे सगळं एका वहीत चालायचं. मग संस्थेनं मेससाठी सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीची एक मुलगी पुण्याहून फोनवर शिकवायची. गोड आवाजात दर दोन वाक्यांनी म्हणायची, "मॅडम, रिपोर्ट कुठूनही बघता येतो, कुठल्याही ब्राउझरवर." तिचं ते 'कुठूनही' ऐकून माझं डोकं उठायचं.

सॉफ्टवेअर आलं त्याच दिवशी सेक्रेटरी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. एक सत्रभर रिपोर्ट बघणार आणि मग कमिटी ठरवणार, की स्वयंपाक मावशींकडेच ठेवायचा की बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा. "आकडे बोलतील, बाई," ते म्हणाले. मी मान हलवली. आकडे आपल्या बाजूनंच बोलणार याची मला खात्री होती. मावशींच्या हातून कधी चिमूटभर पीठ वाया गेलेलं मी बघितलं नव्हतं.

मावशी आमच्या स्वयंपाकीण, वळसंगच्या. होस्टेल दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून इथं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, गावाकडं भावाचं घर, पण तिथं वहिनीचं राज्य. स्वयंपाकघराच्या मागं दहा बाय दहाची खोली संस्थेनं दिली होती, तेवढंच त्यांचं घर. भाजीवालीशी कानडीत भांडायच्या, माझ्याशी मराठीत. मला बाई म्हणायच्या. अक्षरओळख नव्हती, पण शंभर मुलींपैकी कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा गुरुवार असतो, ते सगळं डोक्यात. ही नोकरी गेली तर खोलीही जाणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांची एक पद्धत होती. सकाळच्या भाकरी थापून झाल्या की शेवटी साठएक भाकरी त्या मुद्दाम पातळ थापायच्या, मंद आचेवर भाजायच्या आणि शेगडीच्या कडेनं उभ्या करून कडक करायच्या. त्या दुपारच्या ताटात जायच्या नाहीत. मोठ्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. मुलींची हॉस्पिटलची ड्युटी कधी तीनला सुटायची, कधी चारला, आणि मेस दोनला बंद. मोडनिंबची एक पोरगी उपाशीपोटी वॉर्डात चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून मावशींनी हा डबा सुरू केला. ड्युटीवरून आली की पोरगी डबा उघडायची, कडक भाकरी आमटीत चुरायची नाहीतर शेंगाची चटणी आणि तेल घेऊन खायची. शनिवारी गावी जाणाऱ्या पोरी वर चार-चार भाकरी पिशवीत घालून न्यायच्या. आठवड्याच्या शेवटी डबा रिकामा. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण सॉफ्टवेअर काही सोलापूरचं नव्हतं.

त्यात भाकरीच नव्हती. 'मिलेट ब्रेड' होता. आमच्या शेंगाच्या चटणीला 'सॉस आणि डिप' या खात्यात टाकलं होतं. मी त्या पुण्याच्या मुलीला म्हटलं, "अगं, चटणी कोरडी असते, तिला सॉस कसं म्हणू?" ती म्हणाली, "मॅडम, मास्टर लिस्ट लॉक आहे." मला इतका वीट आला की मी फोन ठेवून दिला. ज्यांनी आयुष्यात शेंगाची चटणी चाखली नाही त्यांनी तिला नाव ठेवायचं आणि आम्ही ते दर दुपारी माऊसनं निवडायचं.

रोज दोन वाजता हिशेब बंद करायचा. बनवले किती, वाढले किती, ते मी भरायची. उरले ते सॉफ्टवेअर स्वतः काढायचं आणि बटण दाबलं की उरलेलं सगळं आपोआप 'वाया' या रकान्यात जाऊन बसायचं. तीनशे बनवल्या, दोनशे चाळीस वाढल्या, साठ वाया. त्याच्याही पुढं, अगदी उजव्या टोकाला, आणखी एक रकाना होता, 'पुढे नेले'. उरलेल्यातलं जे टाकलं नाही, ठेवलं, ते तिथं लिहायचं. स्क्रीनवर तो दिसायचा सुद्धा नाही. खालची पट्टी माऊसनं धरून उजवीकडं ओढत न्यावी लागायची. मी रोज ओढायची. रोज तिथं साठ लिहायची. लिहिलं तरी 'वाया'तला आकडा काही कमी व्हायचा नाही. त्या सगळ्या सत्रात मी चोख केलेलं काम तेवढं एकच.

मग प्रिंट. रिपोर्ट कुठूनही बघता येतो हे खरं, पण आमच्या संस्थेत स्क्रीनकडं कुणी बघत नाही. सेक्रेटरी साहेबांना कागद लागायचा, सही-शिक्क्याचा, फाईलला लावलेला. प्रिंट म्हटलं की पहिलं पान निघायचं ते नुसत्या कंपनीच्या चिन्हाचं. दुसऱ्यावर तक्ता. तिसऱ्यावर फक्त एक ओळ, 'पान तीनपैकी तीन', बाकी कोरं. डोक्यावर तारीख उलटी, आधी महिना मग दिवस, आणि पायाशी वेबसाईटचा पत्ता, मुंग्यांची रांग निघाल्यासारखा. दोन पानं रोज फेकायची आणि मधलं ठेवायचं. अन्न वाया जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप होता म्हणे.

तिसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मधल्या पानावर तक्ता पूर्ण येत नाही. कागद 'वाया'पाशीच संपायचा. 'पुढे नेले' छापलंच जात नव्हतं.

मी ऑफिसातल्या क्लार्कला बोलावलं. तो चांगला मुलगा, त्यानं सेटिंगमध्ये जाऊन कागद आडवा करून दिला. आडवा केला तर तक्ता दोन कागदांवर गेला. अर्धा एकावर, अर्धा दुसऱ्यावर. एक आठवडा मी तसे दोन-दोन कागद टाचून पाठवले. मग तोच क्लार्क ते घेऊन परत आला.

"बाई, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, रोज दोन कागद कशाला? फाईल फुगते. एकात बसवा."

"एकात बसवलं तर शेवटचा रकाना जातो की."

"जाऊ द्या की. कॉम्प्युटरमध्ये तर आहेच ना? कुणाला बघायचं असलं तर बघतील."

मला तेव्हा उन्हाळ्याचा वैताग आला होता, किराण्याचा टेम्पो दारात उभा होता, आणि त्याचं म्हणणं पटलं सुद्धा. मी कागद पुन्हा उभा केला. ते आठवड्याचे टाचलेले कागदही त्यानं फाईलमधून काढून नेले आणि एकेरी छापून लावले. एकसारखं दिसावं म्हणून.

त्यानंतर मी सह्या करत गेले. आधी रोज, मग शनिवारी आठवड्याच्या एकदम. सहा कागद पुढ्यात घ्यायचे, सही, शिक्का, सही, शिक्का. आमच्याकडं सही म्हणजे वाचल्याची खूण नसते, कागद हातातून पुढं सरकल्याची असते. माझ्या आधीच्या बाईही तसंच करायच्या, ऑफिसात सगळे तसंच करतात. प्रत्येक कागदावर माझ्या सहीच्या वर छापलेलं असायचं, 'वरील माहिती तपासली असून बरोबर आहे'. ते वाक्य मी कधी वाचलं असेन तर पहिल्या दिवशी.

नाही म्हणायला एकदा मला ठेच लागली होती. मावशी चहा घेऊन कोठीत आल्या आणि प्रिंट हातात घेऊन बघत राहिल्या. कागद उलटा धरला होता.

"एवढं कसलं आकडं हायत बाई? माजं काय लिवलंय ह्यात?"

मी कागद सुलटा केला आणि वाचून दाखवायला लागले. भाकरी बनवल्या तीनशे, वाढल्या दोनशे चाळीस, उरल्या साठ. पुढचा शब्द 'वाया' होता. तो माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "आणि उरलेल्या डब्यात."

"व्हय, डब्यातच की," मावशी म्हणाल्या आणि खूश होऊन गेल्या. तो शब्द मला तोंडावर म्हणवला नाही, आणि त्याच्याच खाली मी त्या शनिवारी पुन्हा सहा सह्या केल्या. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्याच वेळी कागद फाडून ऑफिसात जायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. चहा गार होत होता, एवढंच.

सत्र संपलं आणि कमिटी बसली. केबिनमध्ये चार जण, चहा, खारी बिस्किटं, आणि टेबलावर माझी जाडजूड फाईल. सेक्रेटरी साहेबांनी पानोपानी 'वाया'खाली लाल रेघ मारलेली होती. मी उभीच होते.

"बाई, रोज साठ-साठ भाकरी फेकता तुम्ही?"

"फेकत नाही साहेब. त्या कडक करून डब्यात ठेवतो. ड्युटीच्या मुली खातात."

"मग इथं काय लिहिलंय?"

"त्याच्या पुढं एक रकाना आहे. त्यात ते येतं."

साहेबांनी कागद डोळ्याजवळ नेला, उलटा केला, मागची कोरी बाजू बघितली. "कुठाय पुढं?"

"प्रिंटला येत नाही साहेब. ब्राउझरवर दिसतं."

त्यांनी मोबाईल काढला. पांढरं पान आलं. चकती फिरायला लागली. चौघंही त्या चकतीकडं बघत बसले. मग पासवर्ड मागितला. पासवर्ड सत्राच्या सुरुवातीला पाकिटात घालून त्यांनाच दिला होता, ते पाकीट कुणाला आठवेना. मी माझा पासवर्ड सांगितला. तक्ता उघडला तर मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर पहिले दोनच रकाने, आणि उजवीकडं सरकवायला गेलं की पान आपलं मागंच जायचं. तीनदा मागं गेलं. एका सदस्यांनी खारी चहात बुडवली, ती तुटून कपात पडली, आणि ते चमच्यानं तिला शोधत राहिले. तेवढ्यात साहेबांनी मोबाईल पालथा ठेवला.

"बाई, आम्ही कागदावर चालतो. आणि कागदावर सही तुमची आहे."

पाच मिनिटांत ठरलं. पुढल्या महिन्यापासून कंत्राटदार, पाकिटातल्या चपात्या. मावशींना महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगायचं. ते सांगायचं कामही माझ्याकडंच आलं.

मी सांगितलं नाही लगेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रिपोर्ट पेनड्राईव्हवर घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं मोठा कागद लावला, दुप्पट आकाराचा, आणि दाबलं बटण. एकेका कागदावर अख्खा तक्ता, डावीकडून उजवीकडं, शेवटच्या रकान्यासकट. वाया साठ, पुढे नेले साठ. प्रत्येक दिवशी. सत्रभर. इतकं सोपं होतं ते. मला रडू आलं नाही, किळस आली. मोठा कागद एवढाच काय तो उपाय होता, आणि क्लार्कपलीकडं मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तो गठ्ठा घेऊन मी तडक साहेबांकडं गेले. त्यांनी तो नीट बघितला. घाई केली नाही. बोट ठेवून रकाने मोजले, जुनी फाईल मागवून शेजारी ठेवली, तारखा जुळवल्या. त्यांना सगळं कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की कळलं.

"म्हणजे मावशींची चूक नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"मग या नव्या कागदांवर सही करा. आणि सोबत एक अर्ज द्या, की आधीच्या सगळ्या कागदांवर माहिती अपुरी आहे हे माहीत असताना मी सह्या केल्या. तो अर्ज मी कमिटीपुढं ठेवतो. मावशींचं होऊन जाईल." मग त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं केलं. "पण मग तुमचंही बघावं लागेल, बाई. ते माझ्या हातात राहणार नाही."

आवाज चढवला नाही त्यांनी. धमकी म्हणावी तसंही काही नव्हतं. निवृत्तीला माझी तीन वर्षं राहिली होती. मी त्या पेनाकडं बघितलं आणि म्हटलं, "विचार करून सांगते साहेब."

त्यांनी टोपण लावलं. त्यांना कदाचित सुटल्यासारखं वाटलं असेल. मला तर वाटलंच. बाहेर आले तर पाय चटचट चालत होते. पुढं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो गठ्ठा मी कोठीत कांद्याच्या पोत्यांमागं ठेवला.

स्वतःचाच घाण वास येणं काय असतं ते मला त्या महिन्यात कळलं. मावशींना मी एवढंच सांगितलं होतं की कागदात आकडे बरोबर निघाले नाहीत, महिनाअखेर खोली सोडायची. रोज मावशींच्या हातचं जेवायची आणि त्यांच्याकडं न बघता ताट उचलायची. मुलींनी साहेबांकडं जाऊन डब्याचं सांगितलं, दोघी-तिघी रडल्या, साहेबांनी त्यांना फाईल दाखवली. फाईलवर माझी सही बघून त्या परत आल्या आणि नंतर माझ्याशी नीट बोलेनाशा झाल्या. मावशींनी मात्र बोलणं सोडलं नाही. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, भांडल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सुद्धा साठ भाकरी कडक करून डबा भरून ठेवला.

एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि तवा. तवा त्यांचा स्वतःचा होता. रिक्षा बोलावली होती. मी दारात उभी. त्या ट्रंकेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, एक इचारू का?"

"विचारा की."

"कागदात माजं काय चुकलेलं निगालं, तेवढं सांगा. आता कुटंतरी कामाला लागंन म्हणते. तितं सुदारते. ह्या वयात परत तीच चूक नगं व्हायला."

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. तोंडावर नुसती शिकायची तयारी होती, नव्या मुलींच्या तोंडावर असते तशी. कांद्याची पोती माझ्यापासून चार पावलांवर होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर पुढं त्यांनी विचारलं असतं, मग तुमी का न्हाय सांगितलं सायबास्नी, आणि मग त्या अर्जाचं आणि पेनाचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "भाकरी जरा जास्त व्हायच्या मावशी."

त्यांनी मान हलवली. "व्हय. हात सैल हाय माजा. आई पन म्हणायची." मग उठल्या, माझा हात हातात घेतला आणि रिक्षात बसल्या.

कंत्राटदार आला. चपात्या प्लास्टिकच्या पाकिटात येतात, वाफेनं घामेजलेल्या, एकीला दुसरी चिकटलेली. पाकीट हातात दिलं की सॉफ्टवेअरमध्ये 'वाढले' होतं. मुली अर्ध्या चपात्या मागच्या दारी ड्रममध्ये टाकतात. दुपारी डुकरं येतात. तीन-चारला ड्युटीवरून आलेल्या पोरी बिस्किटाचा पुडा फोडतात. मी दोन वाजता बटण दाबते, कागद निघतो, वाया शून्य. साहेबांनी एकदा मीटिंगमध्ये तो कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी हात जोडून उभी राहिले. त्याही कागदावर माझी सही होती.

दिवाळीच्या सुट्टीहून मुली परत आल्या तेव्हा वळसंगकडची एक जण कोठीत आली. मावशी भेटल्या होत्या म्हणाली. भावाकडंच राहतात, तिथल्याच एका घरी स्वयंपाकाला जातात. मी विचारलं, बऱ्या आहेत का. पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "बऱ्या आहेत. पण जेवणारी डोकी मोजतात आणि तेवढ्याच भाकरी करतात. त्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी मी त्यांच्याकडं गेले, तर वर एक टाकली नाही. स्वतःच्या ताटातली अर्धी मोडून दिली. म्हटलं, मावशी, एक थापा की. तर म्हणाल्या, नगं गं, जास्त करायचं न्हाय. बाईंनी सांगितलंय."